फुकट शिक्षणाला बारा लाख कशाला?

बारावीचा निकाल लागला की सांगलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या ऑफिसात ठरलेला प्रश्न येतो: पोराला परदेशी पाठवावं का? यंदा तो तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदाराने विचारला. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) मुलाला सीईटीला चांगले पर्सेंटाइल. एजंट म्हणालेला, जर्मनीत शिक्षण फुकट. "मग बारा लाख कशाला दाखवायचं मॅडम? रान विकायला काढावं लागंल."

एजंट अर्धंच बोलला होता. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, हे खरं. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आपल्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाच्या राहण्या-खाण्याचे ११,९०४ युरो आधी भरायचे, तेच हे बारा लाख. ते बुडत नाहीत, दरमहा ९९२ युरो मुलालाच मिळतात. दुसऱ्या वर्षाची तजवीज मात्र पुन्हा करायची.

खरी अडचण पैशाची नव्हतीच. नुसत्या बारावीवर तिथं पदवीला थेट प्रवेश सहसा मिळत नाही. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास नसेल तर आधी वर्षभर श्टुडिएनकोलेग, म्हणजे पदवीआधीच्या तयारीचं कॉलेज, आणि त्याच्या प्रवेशपरीक्षेलाच बऱ्यापैकी जर्मन लागतं. याला एक शब्द येत नव्हता. इंग्रजीतून शिकवणारे कोर्स पदवीला मोजके, मास्टर्सला पुष्कळ.

वडिलांना चहाला पाठवलं आणि त्याला विचारलं, "जर्मनीच का रे?"

"बाग नकोय मॅडम. इथं राहिलो तर फवारणी, छाटणी, बेदाण्याचा सौदा, सगळं माझ्याच गळ्यात येणार."

बाग टाळायला म्युनिक कशाला, पुण्याची एसटी पुरते! हसला. मग सांगितलं, इथं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष नीट पार केलंस तर त्याच शाखेत तिथं थेट अर्ज करता येतो, पदवी करून मास्टर्सला गेलास तर निवड आणखी मोठी. ज्यांचं जर्मन आधीच बी-टू पातळीपर्यंत झालंय, त्यांना मी बारावीनंतरही खुशाल जा म्हणते. याला नाही म्हटलं.

बागेचं मात्र त्यानेच वडिलांशी बोलायचं ठरलं. काय बोलला माहीत नाही, पण कॅप राउंडच्या (सरकारी प्रवेशफेरीच्या) पसंतीयादीत पुण्याची कॉलेजं वर आणि इथलं सांगलीतलं, विश्रामबागेतलं वालचंद त्यांच्याखाली, तेही वडिलांच्या संमतीने. पुण्यात मेकॅनिकल मिळालं, जर्मनचा क्लासही लावलाय. एजंटाला दिलेला अ‍ॅडव्हान्स मागायला बापलेक दोघं गेले होते. निम्माच मिळाला.