‘पाच मिनिटे’ म्हणजे किती?

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे, दुसरीत शिकतो. शाळेची व्हॅन सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी येते. त्याला साडेसहाला उठवूनही शेवटची दहा मिनिटे रोज आरडाओरड्यात जातात. एक मोजा पायात, दुसरा हातात, आणि हा खिडकीतून कबुतरे बघत बसलेला असतो. ‘पाच मिनिटे उरली’ असे मी दहा वेळा सांगते, पण तो ढिम्म हलत नाही. शेवटी सासूबाई त्याला मोजे-बूट घालून देतात. भिंतीवर वेळापत्रक लावले, त्याचाही उपयोग झाला नाही. तो आळशी होत चालला आहे का?
— एक आई, ठाणे

उत्तर : तुमचा मुलगा आळशी नाही, हे आधी निःशंकपणे सांगते. ‘पाच मिनिटे’ हे शब्द त्याला ऐकू येतात, पण ती केवढी असतात हे त्याला अजून उमगलेले नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी मुलांच्या मनातील काळाच्या कल्पनेचा अभ्यास करून १९४६ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. खेळण्यातल्या दोन गाड्या एकदमच सुटल्या आणि एकदमच थांबल्या, तरी जी पुढे गेली ती ‘जास्त वेळ’ चालली, असे लहान मूल ठामपणे सांगते, हे त्यांनी दाखवले.

या गोंधळात आपण मोठी माणसेही भर घालतो. ‘पाच मिनिटांत येते’ म्हणून आपण फोनवर अर्धा तास बोलतो आणि व्हॅनचा हॉर्न वाजला की तीच पाच मिनिटे क्षणात संपवतो. मुलाने यातल्या कोणत्या पाच मिनिटांवर विश्वास ठेवायचा? म्हणून पहिला नियम तुमच्यासाठी : मोजणार नसाल तर आकडा उच्चारू नका.

वेळ त्याच्या डोळ्यांना दिसली पाहिजे. पूर्वी लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र ठेवत. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर तरंगत सोडायची; ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे, झाली. अक्षरओळख नसलेल्यालाही किती वेळ उरला आहे ते त्या वाटीकडे बघून कळत असे. मोबाइलवरचे आकडे हे दाखवत नाहीत, काट्यांचे घड्याळ दाखवते. घड्याळाच्या काचेवर दहापासून दोनपर्यंत लाल पतंगी कागदाची पाकळी चिकटवा. आठला दहा कमी असताना मोठा काटा त्या लालात शिरला की मोजे-बूट घालायचे आणि तो बाहेर पडण्याआधी दप्तर पाठीवर घ्यायचे, एवढेच ठरवा. मग ओरडण्याऐवजी ‘काटा कुठे आला?’ एवढे विचारले तरी पुरते.

वेळापत्रक तुम्ही तयार केले, त्यामुळे ते तुमचेच राहिले. रविवारी, घाई नसताना, त्याला विचारा, ‘मोजे-बूट घालायला तुला किती वेळ लागेल?’ तो बहुधा ‘एक मिनिट’ म्हणेल. मग दोघांनी घड्याळ लावून बघा आणि निघालेला आकडा त्यालाच लिहू द्या. दात घासणे, दूध पिणे, गणवेश घालणे, सगळ्यांचे असेच करा. सासूबाईंना मात्र विनंती करा की, पंधरा दिवस तरी त्याच्या मोज्यांना हात लावू नये. प्रेमापोटी त्या ते करतात, पण त्यामुळे त्याला आपला वेग कधीच कळत नाही.

साडेसहाला उठवणे मला अनावश्यक वाटते, कारण पावणेदोन तासांहून लांब सकाळीत या वयाचे मूल रमून जाणारच. गणवेश, मोजे आणि दप्तर रात्रीच एका जागी ठेवून त्याला सातला उठवा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते, म्हणजे रात्री नऊ-साडेनऊला तो झोपलेला हवा. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, हा राज्य सरकारचा २०२४ मधील निर्णय मुलांच्या झोपेचा विचार करूनच झाला होता. सकाळी असा मिळालेला वेळ रात्रीच्या टीव्हीला देऊ नये, हे मी कळकळीने सांगते.

आणि कबुतरांसाठी जागा ठेवा. काटा लालातून बाहेर पडण्याआधी तो तयार झाला, तर व्हॅन येईपर्यंतची मिनिटे त्याची. त्यांत पाढे म्हणून घेऊ नका, खिडकीशी उभे राहू द्या.