टीव्ही बघणारी मुलगी ‘ऑडियन्स’ की ‘व्ह्यूअर’?

प्रश्न थोडक्यात असा: मुलीने शाळेच्या इंग्रजी निबंधात ‘आय ॲम ॲन ऑडियन्स ऑफ धिस सीरियल’ असं लिहिलं. बाईंनी त्यावर लाल रेघ मारली. शब्दकोशात तर ऑडियन्स म्हणजे प्रेक्षक असंच दिलंय, मग चुकलं काय?

शब्दकोशही बरोबर आहे आणि बाईही. गोम आपल्या ‘प्रेक्षक’ या शब्दात आहे. एक प्रेक्षक, शंभर प्रेक्षक, मराठीत रूप तेच राहतं. इंग्रजीत ऑडियन्स हा ‘सैन्य’सारखा समूहवाचक शब्द आहे. ‘मी सैन्य आहे’ असं कोणी म्हणत नाही, ‘मी सैन्यात आहे’ म्हणतो. तसंच इथे. एकटी मुलगी ती व्ह्यूअर, आणि तिच्यासारखे सगळे मिळून ऑडियन्स. मी स्वतः हा फरक प्रेक्षक आणि प्रेक्षकवर्ग असा लक्षात ठेवतो.

ऑडियन्सचं मूळ लॅटिनमधल्या ‘ऐकणे’ या क्रियापदात आहे. म्हणजे मुळात तो आपला श्रोतृवर्ग. राजाने प्रजेचं गाऱ्हाणं ऐकून घेणं हाही ऑडियन्सच, म्हणून दिवाण-ए-आमला इंग्रजीत ‘हॉल ऑफ पब्लिक ऑडियन्स’ म्हणतात. त्याचं ‘प्रेक्षागृह’ असं भाषांतर कृपा करून करू नका.

व्ह्यूअरची गोष्ट मला फार आवडते. हा शब्द टीव्हीच्या कितीतरी आधीचा. पाहणी करायला नेमलेल्या माणसाला व्ह्यूअर म्हणत, आणि उत्तर इंग्लंडात कोळशाच्या खाणीचा कारभार बघणाराही व्ह्यूअरच. पुढे टीव्ही आला तेव्हा तो बघणाऱ्याला काय म्हणायचं हेच ठरलेलं नव्हतं. रेडिओ ऐकणाऱ्याला ‘लिसनर-इन’ म्हणत, त्या चालीवर ‘लुकर-इन’ रुळू लागला होता. बीबीसीची बोलण्यातल्या इंग्रजीसंबंधी एक सल्लागार समिती होती, १९२६ साली नेमलेली. आधी कवी रॉबर्ट ब्रिजेस तिचे अध्यक्ष होते, नंतर नाटककार बर्नार्ड शॉ. या समितीपुढे जी नावं आली त्यांत ‘ग्लान्सर’, ‘टेलिसीअर’, ‘ऑरालुकर’, अगदी ‘विटनेस’ म्हणजे साक्षीदारसुद्धा होतं! निवड झाली ‘टेलिव्ह्यूअर’ची, आणि लोकांनी पुढचं ‘टेलि’ गाळून टाकलं. आपल्याकडे ही अडचण आलीच नाही. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा नाटकाचा ‘प्रेक्षक’ तयारच होता, तोच घरात येऊन बसला.

पण त्यामुळेच भाषांतरात पंचाईत होते. मी कार्यक्रमांच्या संहितांची भाषांतरं करतो. एका प्रश्नमंजूषेत सूत्रसंचालक म्हणतो की ऑडियन्सने उत्तर बरोबर ओळखलं आणि घरच्या बऱ्याच व्ह्यूअर्सनीही. मी आधी लिहिलं, ‘प्रेक्षकांनी बरोबर ओळखलं आणि घरच्या प्रेक्षकांनीही.’ मोठ्याने वाचलं तर कानाला खटकलं. शेवटी केलं, ‘इथे बसलेल्यांनी बरोबर ओळखलं आणि घरी बघणाऱ्यांनीही.’ ‘प्रेक्षक’ शब्द पार गेला, पण वाक्य बोलल्यासारखं झालं.

हाच फरक ‘कौन बनेगा करोडपती’त सगळ्या देशाने पाहिला आहे. २०२० मध्ये कोरोनामुळे स्टुडिओतल्या खुर्च्या रिकाम्या होत्या, म्हणून ‘ऑडियन्स पोल’ ही लाइफलाइन काढून तिच्या जागी ‘व्हिडिओ अ फ्रेंड’ आणली. त्या वर्षी ऑडियन्स नव्हता, व्ह्यूअर होतेच.

अर्थात घरी बसलेल्या सगळ्यांना मिळून ऑडियन्स म्हणणंही बरोबरच आहे, ‘टेलिव्हिजन ऑडियन्स’ असं सर्रास म्हणतात. फक्त एकट्या माणसाला तो शब्द लावता येत नाही. मैदानात बसून सामना बघणारा मात्र स्पेक्टेटर, आणि तोच सामना टीव्हीवर बघणारा व्ह्यूअर.

तर मुलीला सांगा, ‘आय ॲम अ रेग्युलर व्ह्यूअर ऑफ धिस सीरियल’ लिही. त्याहून सहज हवं तर ‘आय वॉच धिस सीरियल एव्हरी डे’. माझं मत या दुसऱ्याला. आणि कधी एखाद्या कार्यक्रमाच्या चित्रीकरणाला जाऊन बसली, तर घरी येऊन तिने खुशाल म्हणावं, ‘आय वॉज इन द ऑडियन्स’. त्या ‘इन’वर बाई रेघ मारणार नाहीत.