अमेरिकेत जास्त मतं मिळूनही उमेदवार हरतो, मग तिथल्या एका मताला किंमत काय?

2016 मध्ये हिलरी क्लिंटनना देशभरात सुमारे 29 लाख मतं जास्त पडली आणि अध्यक्ष झाले ट्रम्प, यावरून तुम्ही विचारताय. तिथे अध्यक्ष ठरतो तो इलेक्टोरल कॉलेजमध्ये, म्हणजे राज्यवार निवडलेल्या प्रतिनिधींच्या मंडळात. त्याची 538 मतं, त्यातली 270 लागतात. मेन आणि नेब्रास्का सोडले तर राज्यात जो पुढे, त्याला त्या राज्याची सगळी मतं. आपल्याकडेही सरकार देशभरच्या मतांवर नाही, जागांवर बनतं, तेव्हा आपल्याला याचं एवढं नवल वाटू नये.

पण "किंमत काय" हे मात्र मला झोंबलं. मी व्हर्जिनियात राहते, नागरिक झाल्यापासून मतदान केंद्रावर निवडणूक अधिकारी म्हणून बसते. पहाटे पाचला पोचायचं, सहाला दार उघडायचं, संध्याकाळी सातनंतर मोजणी जुळेपर्यंत घरी जायचं नाही. एका वर्षी माझी नेमणूक स्कॅनरपाशी होती. एका कोरियन आजोबांची मतपत्रिका मशीनने परत बाहेर ढकलली. त्यांनी एकाच पदासाठी दोन गोल काळे केले होते आणि एकावर तिरकी रेघ मारली होती. मी म्हटलं, ही रद्द करून नवी घ्या. मागे रांग होती, आजोबांचे पाय दुखत होते. "राहू दे, एका मताने काय होतंय," म्हणाले आणि तशीच टाकायला निघाले.

अगदी अशाच एका मतपत्रिकेने आमच्या राज्याची विधानसभा ठरवलीय. 2017 साली न्यूपोर्ट न्यूजच्या 94 व्या मतदारसंघात फेरमोजणीनंतर डेमोक्रॅटिक पक्षाच्या शेली सायमंड्स एका मताने जिंकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तीन न्यायाधीशांनी एक बाद मतपत्रिका ग्राह्य धरली. तिच्यावरही दोन गोल काळे होते, एकावर रेघ होती. ते मत रिपब्लिकन डेव्हिड यान्सींना गेलं आणि दोघांची 11,608 अशी बरोबरी झाली. मग 4 जानेवारी 2018 ला रिचमंडमध्ये फोटोच्या रोलच्या जुन्या डब्यांत नावं घालून, निळ्या भांड्यातून चिठ्ठी काढली. यान्सी निवडून आले, सभागृह 51-49 असं रिपब्लिकन पक्षाकडे राहिलं. त्या निवडणुकीआधी ते 66-34 होतं. इतकी वर्षं अडलेला मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा, विस्तार त्याच 2018 मध्ये मंजूर झाला, कारण जागा घटलेल्या रिपब्लिकन पक्षातले काही आमदारही वळले. जवळपास चार लाख गरिबांना आरोग्यविम्याचं दार उघडलं.

कुणाला मत द्यावं यावर आम्हाला केंद्रात चकार शब्द काढता येत नाही, पण मतपत्रिका नीट भरा हे सांगता येतं. आजोबांना खुर्ची दिली, नवी पत्रिका आणून दिली. त्यांनी सावकाश भरली.

आता माझ्या दिरांचं. ते कॅलिफोर्नियात, वीस वर्षांहून जास्त नागरिक, आणि दर फोनला एकच पालुपद: "वहिनी, आमचं राज्य कुणाकडे जाणार हे आधीच ठरलेलं असतं, मत देऊन उपयोग काय?" आणि त्याच फोनवर, आपल्या घराची किंमत कितीही वाढली तरी घरपट्टी कशी आटोक्यात आहे, याचं कौतुकही करतात! भाऊजी, ती 1978 च्या प्रस्ताव 13 मुळे. तो मतदारांनी थेट मत देऊन मंजूर केला. त्या दिवशी मतदान केंद्रावर गेलेल्यांची पुण्याई तुम्ही आजही खाताय. घरात बसून राजकारणावर तोंडसुख घेणाऱ्यांबद्दल मला जराही सहानुभूती नाही.

अध्यक्षपदापुरतं दिरांचं म्हणणं खरं आहे, हेही सांगते. कॅलिफोर्नियातल्या त्या एका मताचं वजन अटीतटीच्या पेनसिल्व्हेनियातल्या मताएवढं नाही, आणि ही पद्धत मलाही न्याय्य वाटत नाही. पण त्याच कागदावर स्कूल बोर्ड, म्हणजे शाळांचा कारभार पाहणारं मंडळ, असतं, न्यायाधीश असतात, शाळेच्या इमारतीसाठी कर्ज काढायचं की नाही हा प्रश्न असतो. तिथे मतांचे फरक शेकड्यांत, कधी त्याहून कमी.

आणि हे सगळं फक्त नागरिकांसाठी. ग्रीन कार्ड किंवा एच-1बी वर असाल तर मतदार नोंदणीच्या वाटेला जाऊ नका. लायसन्स काढताना समोर अर्ज येतो, तेव्हा नीट वाचून "नाही" म्हणा. पुढे नागरिकत्वाचा अर्ज त्यावरूनच अडकू शकतो.