नव्या कोचचा पहिला मोसम कसा वाचायचा: इंडियाना, 2024

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी ब्लूमिंग्टनला इंडियाना विद्यापीठात शिकते, तिच्यामुळे तुम्ही अमेरिकन कॉलेज फुटबॉल बघायला लागलात. 2023 मध्ये 3-9 (3 विजय, 9 पराभव) असलेला संघ नवा कोच येताच 2024 मध्ये 11-2 कसा झाला, आणि पुढे कुठल्याही कॉलेजात नवा कोच आला तर ते नव्याचे नऊ दिवस आहेत की खरी सुधारणा, हे कशावरून ओळखायचं?

कोचच्या नावाआधी त्याच्या नेमणुकीची तारीख बघा. इंडियानाचा नवा कोच कर्ट सिग्नेटी नोव्हेंबर 2023 संपता संपता नेमला गेला. खेळाडूंना कॉलेज बदलायची मुभा देणारं ट्रान्सफर पोर्टल त्या वर्षी 4 डिसेंबरला उघडलं आणि महिनाभर चालू राहिलं, म्हणजे अख्खा महिना त्याच्या हातात होता. त्याच मोसमात बिग टेनमध्ये (इंडियाना खेळते त्या लीगमध्ये) आणखीही नवे हेड कोच होते. वॉशिंग्टनला जेड फिश जानेवारीच्या मध्यात आला, मिशिगनला शेरॉन मूर जानेवारीअखेर, यूसीएलएला डिशॉन फॉस्टर थेट फेब्रुवारीत. तोवर बाजार उठलेला. त्यांचे निकाल अनुक्रमे 6-7, 8-5 आणि 5-7. इंडियानाने या तिघांनाही हरवलं, आणि यातले मिशिगन आणि वॉशिंग्टन हे त्याच जानेवारीत राष्ट्रीय अजिंक्यपदाची अंतिम लढत खेळलेले संघ!

तारखेला एवढं महत्त्व का, तर डिसेंबरात ठरलेला खेळाडू जानेवारीच्या सत्राला दाखल होतो आणि त्याला वसंतातले सराव मिळतात. हे सराव मोजून 15. नवं प्लेबुक (संघाच्या ठरलेल्या चाली) अंगवळणी पडतं ते तिथेच. पोर्टलच्या एप्रिलमधल्या खिडकीत ठरलेला खेळाडू उन्हाळ्यात येतो, आणि ऑगस्टच्या शिबिरात पाठांतर आणि जागेसाठीची स्पर्धा त्याला एकदमच करावी लागते. रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) ते एक वेळ जमून जातं, क्वार्टरबॅकला (पास फेकणाऱ्या, चाल चालवणाऱ्या खेळाडूला) फार कठीण. (नियम सारखे बदलतात. एप्रिलची खिडकी आता बंद झाली असून जानेवारीत एकच असते. नवीन मोसमाला जुनं कॅलेंडर लावू नका.)

पण नुसती तारीख पुरत नाही. मिशिगन स्टेटनेही जोनाथन स्मिथला नोव्हेंबरातच आणलं होतं, तरी 5-7. त्याने सोबत आणलेला क्वार्टरबॅक एडन चाइल्स गुणी होता, पण दुसऱ्या वर्षाचा, आणि आधीच्या कॉलेजात एकाही सामन्याची सुरुवात त्याने केलेली नव्हती. इंडियानाकडे आला कर्टिस रॉर्क, ओहायो विद्यापीठातून. (ओहायो स्टेट नव्हे, हे अथेन्स गावातलं वेगळं विद्यापीठ.) कॉलेजातलं त्याचं सहावं वर्ष होतं. 29 टचडाउन (चेंडू गोलरेषेपलीकडे नेऊन गुण) पास, फक्त 5 इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास), पासचे 3,042 यार्ड. त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलेलं होतं आणि मोसमभर तो तसाच खेळला, हे मोसम संपल्यावर बाहेर आलं. पहिल्या वर्षी निकाल हवा असेल तर मुरलेला क्वार्टरबॅक लागतो. तरुण, 'भविष्यातला' क्वार्टरबॅक दिसला तर दोन वर्षं धीर धरायचा.

आता कोचसोबत कोण कोण आलं ते बघा. माझ्या मते सगळ्यांत कमी चर्चा होणारी आणि सगळ्यांत जास्त कामाची गोष्ट हीच. सिग्नेटीने जेम्स मॅडिसन विद्यापीठातून ऑफेन्सचा (चढाईचा) समन्वयक माइक शॅनहॅन आणि डिफेन्सचा (बचावाचा) समन्वयक ब्रायंट हेन्स या दोघांनाही आणलं. शिवाय तिथलेच 13 खेळाडू: लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला) एडन फिशर, डिफेन्सिव्ह एंड (बचावाच्या पुढच्या फळीच्या टोकाचा) मिकाइल कमारा, कॉर्नर (रिसीव्हरला अडवणारा) डिअँजेलो पाँड्स, रिसीव्हर एलायजा सॅराट वगैरे. फायदा फक्त त्यांच्या कौशल्याचा नव्हता. डिफेन्सच्या मधोमध उभ्या फिशरला सगळे संकेत आधीपासून पाठ होते, त्यामुळे शेजारच्या नवख्याला कुठे उभं राहायचं हे सांगायला मैदानावरच एक शिक्षक होता. मुख्य कोच नवा, समन्वयक तिसरीकडचे, खेळाडू चौथीकडचे असा बारभाईचा कारभार असेल तर सप्टेंबरभर चुकीच्या जागी उभे असलेले खेळाडूच दिसतात.

शॅनहॅनच्या ऑफेन्सचा गाभा म्हणजे आरपीओ, धाव की पास हे चेंडू हातात आल्यावर ठरवायचं. टीव्हीवर चेंडूकडे न बघता मधल्या लाइनबॅकरच्या पायांकडे बघा, म्हणजे ते समजेल. क्वार्टरबॅकपुढचे पाचही लाइनमन धावेसाठी ढकलायला निघतात. क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या (चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या) पोटाशी धरतो आणि त्या एका लाइनबॅकरवर नजर ठेवतो. तो धाव अडवायला पुढे आला तर चेंडू ओढून घ्यायचा आणि त्याच्या पाठीमागे मोकळ्या झालेल्या जागेत तिरक्या धावणाऱ्या रिसीव्हरला द्यायचा. तो जागीच थांबला तर चेंडू रनिंग बॅकच्या पोटातच सोडायचा. सगळं सेकंदाभरात. उशीर झाला तर दंड ठरलेला, कारण कॉलेजच्या नियमाप्रमाणे अशा पासच्या वेळी लाइनमनला चाल सुरू झाली त्या रेषेपासून तीन यार्डांपलीकडे जाता येत नाही. गेला की 5 यार्ड मागे. नव्या कोचच्या पहिल्या तीन सामन्यांत हा दंड वारंवार दिसला तर क्वार्टरबॅकला अजून वाचता येत नाही, असं खुशाल समजा.

पोर्टलमधून सगळं मिळतं, एकसंध ऑफेन्सिव्ह लाइन सहजी मिळत नाही. पाच जणांनी एकमेकांच्या खांद्याचा अंदाज घेत खेळायला महिने जातात. कोलोराडोचं 2023 आठवा. डिऑन सँडर्सने जवळजवळ अख्खा संघ बदलला, पहिले तीन सामने जिंकले, देशभर गाजावाजा झाला आणि शेवट 4-8. क्वार्टरबॅक शेडूर सँडर्सवर त्या मोसमात 52 सॅक झाले, म्हणजे पास फेकण्याआधीच त्याला पाडलं गेलं. इंडियानाने दोन डझनांहून जास्त खेळाडू बाहेरून आणले, पण लाइनमध्ये कार्टर स्मिथ, माइक कॅटिक हे जुनेच राहिले. म्हणून नवा कोच आला की कोण आलं याइतकंच, लाइनमधलं कोण थांबलं हेही तपासा.

आता आकडे. जिंकले-हरले यापेक्षा फरक किती गुणांचा होता ते लिहून काढा. इंडियानाने 13 सामन्यांत 537 गुण केले आणि 203 दिले, म्हणजे सरासरी 41 विरुद्ध 16. आठ किंवा कमी गुणांनी सुटलेला सामना एकच, मिशिगनविरुद्ध 20-15. ज्या संघाने असे पाच-सहा सामने निसटते जिंकलेत त्याचं पुढच्या वर्षी सहसा घसरतं, कारण निसटत्या विजयात नशिबाचा वाटा मोठा. इंडियानाचं तसं नव्हतं: नेब्रास्का 56-7, मिशिगन स्टेटविरुद्ध 0-10 अशा पिछाडीवरून सलग 47 गुण, पर्ड्यू 66-0.

तरीही वासरात लंगडी गाय शहाणी, हा आक्षेप पूर्ण खोटा नव्हता. वेस्टर्न इलिनॉय खालच्या विभागातला संघ, त्याच्यावरचे 77 गुण हिशेबात धरूच नका. पर्ड्यू त्या वर्षी 1-11 होता. आणि मिशिगनने धोक्याची घंटा आधीच वाजवली होती. त्या सामन्याच्या उत्तरार्धात इंडियानाला जेमतेम 18 यार्ड मिळाले. मग 23 नोव्हेंबरला ओहायो स्टेटने 38-15 ने धुतलं. रॉर्कवर 5 सॅक, पासचे फक्त 68 यार्ड. समोरच्या लाइनने जादा माणूस न पाठवताच दबाव आणला की आरपीओला लागणारा तो एक सेकंदही उरत नाही. त्यात पंटिंगने (चेंडू लाथेने लांब मारून समोरच्या संघाला देण्याने) घात केला. मध्यंतराआधी पंटरच्या हातून स्नॅप (त्याच्याकडे मागे फेकलेला चेंडू) निसटला आणि चेंडू ओहायो स्टेटला अगदी टचडाउनच्या दारात मिळाला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये केलेब डाउन्सने पंट पकडून 79 यार्ड धावत टचडाउन केला. नवे कोच बहुतेक मोठ्या नावांच्या मागे असतात, पंट पकडणाऱ्याला अडवायला संघातले शेवटचे राखीव खेळाडू उरतात, आणि बरोबरीच्या संघासमोर ते उघडं पडतं. 20 डिसेंबरला प्लेऑफमध्ये नोटर डेमने 27-17 ने हरवलं, आणि हा आकडाही फसवा आहे: इंडियानाचे शेवटचे दोन टचडाउन अखेरच्या दीड मिनिटात आले.

स्वतः मोजायचं असेल तर कागद-पेन्सिल पुरते. 10 यार्ड मिळवायला चार प्रयत्न असतात, प्रत्येकाला डाउन म्हणतात. पहिल्या डाउनला हव्या असलेल्या यार्डांपैकी निम्मे, दुसऱ्याला उरलेल्यांपैकी 70 टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण मिळाले तर ती चाल यशस्वी, एवढंच धरा. म्हणजे 10 हवे असताना पहिल्याला 5. 5 उरले तर दुसऱ्याला साडेतीन, म्हणजे प्रत्यक्षात 4. शंभरातल्या चाळीसच्या आसपास चाली यशस्वी म्हणजे मध्यम संघ, पन्नासच्या वर म्हणजे फार चांगला. निकाल लागून गेल्यावरचा चौथा क्वार्टर सोडून द्या, तिथे राखीव खेळाडू असतात. चेंडू हिसकावल्याच्या आकड्यांवरही फार विसंबू नका. फंबल झाल्यावर (हातून चेंडू निसटल्यावर) तो कुणाच्या बाजूला उडतो हे कोच शिकवू शकत नाही.

हे मोजमाप पहिल्या मोसमात करून ठेवलंत तर दुसऱ्या वर्षी कोच डागडुजी कुठे करतो हे लगेच दिसतं. सिग्नेटीने लाइनला हात घातला, आणि सेंटर (लाइनच्या मधोमधचा) पॅट कूगन आणला तो नोटर डेममधूनच. क्वार्टरबॅक आणला कॅलिफोर्निया विद्यापीठातून, फर्नांडो मेंडोझा. डिसेंबर 2025 मध्ये बिग टेनच्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा ओहायो स्टेट होता, आणि या वेळी निकाल 13-10, इंडियानाच्या बाजूने.