सीटी स्कॅन 'नॉर्मल' आला, तरीही पक्षाघाताचे निदान कसे?

आपल्या सासऱ्यांचा उजवा हात-पाय अचानक लुळा पडला, तासाभरात मेंदूचा सीटी स्कॅन झाला, त्याचा अहवाल 'नॉर्मल' आला आणि तरीही डॉक्टरांनी पक्षाघाताचे निदान करून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा एमआरआयही काढला. मग सीटीचे पैसे वाया गेले का, असा आपला प्रश्न आहे. मी रेडिओलॉजी विभागात काम करतो आणि हा प्रश्न नातेवाइकांकडून नेहमी ऐकतो. पैसे वाया गेले नाहीत; त्या 'नॉर्मल' अहवालामुळेच इंजेक्शन देता आले.

पक्षाघात दोन कारणांनी होतो. एकतर मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, नाहीतर रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. केवळ रुग्ण तपासून या दोहोंतील फरक खात्रीने सांगता येत नाही, आणि उपचार मात्र परस्परविरुद्ध आहेत: पहिल्यात जे औषध हात-पाय वाचवू शकते, तेच दुसऱ्यात दिले तर रक्तस्राव वाढून जीव जाऊ शकतो.

सीटीमध्ये क्ष-किरण शरीराभोवती फिरवून प्रत्येक बिंदूपाशी ते किती शोषले गेले हे संगणक मोजतो आणि त्याला एक आकडा देतो. १९७१ मध्ये लंडनमधील विम्बल्डन येथे पहिल्या रुग्णाचा स्कॅन ज्यांच्या यंत्रावर झाला, त्या गॉडफ्रे हौन्सफिल्ड यांच्या नावानेच हे मापन ओळखले जाते. (तो पहिला स्कॅनही मेंदूचाच होता.) या मापनात पाणी ०, हवा उणे १०००, मेंदूचा करडा भाग साधारण ३५ ते ४० आणि ताजे साकळलेले रक्त साधारण ६० ते ८० असते. त्यामुळे ताजा रक्तस्राव पांढराशुभ्र उठून दिसतो. याउलट गुठळीमुळे रक्तपुरवठा तुटलेल्या भागात सूज येऊन पाण्याचे प्रमाण वाढायला काही तास लागतात. तोवर आकडे जवळपास तेच राहतात आणि चित्रात फारसे काही दिसत नाही. म्हणजे लक्षणे पक्षाघाताची आणि रक्तस्राव नाही, यावरूनच गुठळीचे निदान झाले.

एमआरआयमध्ये असा भाग फार लवकर दिसतो, हे खरे. परंतु त्याला वेळ अधिक लागतो, रुग्णाला निश्चल पडून राहावे लागते आणि पेसमेकर वगैरे आहे का याची आधी चौकशी करावी लागते. सीटी मात्र काही मिनिटांत उरकतो. इंजेक्शनची मुदत सर्वसाधारणपणे साडेचार तासांची असते आणि ती रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला त्या क्षणापासून मोजतात, झोपेतून उठल्यावर त्रास लक्षात आला तरीसुद्धा. मोठ्या वाहिनीत गुठळी असल्याची शंका असेल, तर कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून दिलेला द्रव) देऊन सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी, करतात. अशी गुठळी कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून आत सरकवलेल्या बारीक नळीने, काढण्याचा विचार निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत होऊ शकतो.

सीटीच्या मर्यादाही आहेत. मेंदूच्या मागच्या व खालच्या भागात कवटीच्या जाड हाडांमुळे चित्रात पट्टे उमटतात आणि तिथला लहान पक्षाघात सुटू शकतो. दुसऱ्या दिवशीचा एमआरआय बहुधा इजेची नेमकी जागा आणि व्याप्ती पाहण्यासाठी काढला असावा.

किरणोत्साराबद्दलही आपण विचारले आहे. डोक्याच्या एका सीटीचा डोस साधारण २ मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून आपल्याला वर्षभरात मिळतो जवळपास तेवढा. पक्षाघाताच्या रुग्णात त्याचा विचार करत बसू नये. मात्र तरुण मुलांच्या साध्या डोकेदुखीसाठी हट्टाने सीटी काढून घेणारे पालक मी पाहतो, ते मला पटत नाही.

इंजेक्शननंतर साधारण २४ तासांनी आणखी एक स्कॅन, बहुधा सीटीच, करतात. सासऱ्यांचाही केला असेल. औषधामुळे नव्याने रक्तस्राव झालेला नाही हे त्यात पाहिल्यावरच सहसा ॲस्पिरिनसारखी औषधे सुरू करतात.