घुबडाच्या पिलाला दूध किंवा पाणी पाजू नका

तासगावजवळच्या ज्या सदस्याने अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतरच्या नवव्या दिवसाची हकीकत लिहिली आहे, त्यांच्यासाठी हे उत्तर आहे. गोठ्याच्या भिंतीपाशी सापडलेले गव्हाणी घुबडाचे पिलू आपण डालग्याखाली झाकून ठेवले आहे, ते सकाळपासून काही खात नाही, आणि त्याला दूध द्यावे की ड्रॉपरने पाणी पाजावे, असे आपण विचारले आहे. कृपया दोन्ही देऊ नका. याच चुकीमुळे माझ्या हातून एक पक्षी गेला, म्हणून हे सर्वांत आधी लिहीत आहे.

२०२१ च्या मार्चमध्ये साताऱ्यात, शाहूपुरीतल्या आमच्या घरी, मी जांघेतील हर्नियाची शस्त्रक्रिया होऊन विश्रांती घेत होतो. अकराव्या दिवशी सकाळी अंगणातल्या पाण्याच्या टाकीमागे कावळ्यांचा गलका ऐकू आला म्हणून हळूहळू बाहेर गेलो, तर एक गव्हाणी घुबड पंख अर्धवट पसरून भिंतीला टेकून बसले होते. वाकायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावलेले असूनही मी वाकलो, टाक्यांपाशी चमक निघाली, पण कसेबसे टॉवेलमध्ये गुंडाळून त्याला घरात आणले.

त्यानंतर मी एका कार्यालयात दूरध्वनी केला. आमचा भाग त्यांच्या हद्दीत येत नाही, असे सांगून त्यांनी दुसरा क्रमांक दिला. दुसऱ्या ठिकाणी साहेब बैठकीत होते. दुपारी चार वाजता पुन्हा पहिल्याच ठिकाणी विचारले, तेव्हा ‘उद्या तुम्हीच घेऊन या’ असे उत्तर मिळाले. मला स्कूटर चालवण्याची परवानगी नाही, हे मी तीनदा सांगितले. हद्दीचा प्रश्न त्यांनी आपसांत सोडवायला हवा होता, कारण जखमी पक्षी कोणत्या हद्दीत पडायचे ते ठरवून पडत नाही. आज इतक्या वर्षांनंतरही त्या दुपारचा मला मनापासून राग येतो.

मात्र पुढे जे घडले, त्याची जबाबदारी माझीच आहे. उन्हाने त्याचा घसा सुकला असेल, असे वाटून मी कोमट साखरपाणी ड्रॉपरने त्याच्या चोचीत सोडले. त्याने मान झटकली आणि नाकपुडीपाशी बारीकसा बुडबुडा आला. पाणी पोटात गेले, या समाधानात मी आणखी दोन वेळा पाजले. रात्री खोक्यातून प्रत्येक श्वासाबरोबर टकटक असा ओला आवाज येऊ लागला आणि पहाटे ते थंड पडलेले होते. पशुवैद्यकीय सेवेतून निवृत्त झालेल्या एका परिचितांनी नंतर समजावून सांगितले की, पक्ष्यांच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच उघडते, त्यामुळे जबरदस्तीने पाजलेले पाणी सहज फुप्फुसांत उतरते. घुबडाला लागणारे बहुतेक पाणी तर त्याने खाल्लेल्या उंदरा-घुशींतूनच मिळते. दुधाचे म्हणाल, तर दुधातील साखर पक्ष्यांना पचत नाही. भाकरी कुस्करून भरवण्याचा सल्लाही आपल्याला कुणीतरी देईल. तोही ऐकू नका.

मी डॉक्टर नाही आणि वनखात्याचा माणूसही नाही, तेव्हा अनुभवापुरतेच सांगतो. डालग्यातून उजेड येतो आणि बाहेरची माणसे दिसत राहतात, त्यामुळे पिलू घाबरलेलेच राहते. हवेसाठी भोके पाडलेला पुठ्ठ्याचा खोका घ्या, तळाशी जुने सुती कापड घाला, वरून झाकण लावा आणि शांत, अंधाऱ्या खोलीत ठेवा. मुलांना दाखवण्यासाठी झाकण पुन्हा पुन्हा उघडू नका. पंख लोंबत नसेल, रक्त नसेल आणि मांजर-कुत्र्याने तोंड लावलेले नसेल, तर ते पिलू अनाथ नसून घरट्यातून खाली आले असण्याची शक्यता मोठी आहे. गोठ्याच्या आढ्यात किंवा भिंतीच्या कोनाड्यात घरटे सापडले, तर तिथेच परत ठेवणे उत्तम; माणसाचा हात लागला म्हणून पालक पिलाला टाकून देतात, हा समज चुकीचा आहे. मांजराने धरले असेल, तर जखम दिसत नसली तरी पशुवैद्यकाला दाखवलेच पाहिजे.

शिडीवर मात्र आपण चढायचे नाही. पिलाचे वजन फार नसते, पण वाकणे, ताणणे आणि तोल सावरणे टाक्यांना सोसत नाही. शेजारच्या मुलाला बोलवा, मागच्या बाजूने टॉवेल टाकून पिलाचे पाय धरायला सांगा, कारण घुबडाची नखे चोचीपेक्षा घातक असतात. ओल्या जखमेच्या दिवसांत पक्ष्याची विष्ठा साफ करण्याचे कामही दुसऱ्याकडे द्या. खोका जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवला, तर डोकावण्यासाठी वाकावे लागत नाही. ही साधी गोष्ट मला फार उशिरा सुचली. खोकला आला, तर पोटावर उशी घट्ट दाबून धरा.

महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर आजच तक्रार नोंदवा, बोललेल्या व्यक्तीचे नाव आणि वेळ वहीत लिहून ठेवा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार असा पक्षी घरी पाळता येत नाही, त्यामुळे कळवल्याची नोंद आपल्याही हिताची आहे. घुबड घरात आले म्हणजे अपशकुन, असे म्हणणारे गावात भेटतीलच. त्यांना खोक्याजवळ येऊ देऊ नका, कारण दगड मारणारे हात मी पाहिले आहेत.

अंधार पडल्यावर गोठ्यातला दिवा मालवा आणि लांबूनच कान द्या. पिलू फुसफुसू लागले आणि वरून कर्कश चीत्कार ऐकू आला, तर पालक जवळच आहेत, असे समजा. काय झाले ते उद्या सकाळी अवश्य लिहा. मी वाट पाहत आहे.