मूठभर ब्रिक्स आणि अख्खं स्पेसशिप: तुमचे प्रश्न

मागच्या अंकात लेगो ब्रिक्सच्या, तळहातावर मावणाऱ्या स्पेसशिप मॉडेल्सबद्दल थोडं लिहिलं होतं आणि म्हटलं होतं की अडलं तर विचारा. पत्रं खूप आली, मनापासून आनंद झाला. सगळी घेता येणार नाहीत, पण ज्यात बाकीच्यांचंही काम होईल अशी निवडली आहेत.

प्रश्न: माझा मुलगा 11 वर्षांचा आहे, स्टार वॉर्सचं वेड आहे. त्याला मिलेनियम फाल्कन हवाय पण तो मोठा लेगो सेट आमच्या बजेटच्या पार बाहेरचा आहे. घरी सगळं मिक्स झालेला एक डबा आहे, चारेकशे तुकडे असतील. त्यात काही होईल का, की उगाच त्याचा हिरमोड होईल? (एक आई, डोंबिवली)

ताई, नक्की होईल, आणि मी तर म्हणेन मोठ्या सेटपेक्षा जास्त शिकेल तो यातून. तुम्ही म्हणताय तो 2017 चा सेट 7541 तुकड्यांचा आहे, लांबी साधारण 84 सेंटीमीटर, कारण तो त्या छोट्या लेगो माणसांच्या मापाने बनवलाय, आत माणसं बसतात. आपल्याला माणसं बसवायची नाहीयेत, आपल्याला फक्त यान ओळखू आलं पाहिजे.

मग आधी मुलाला डोळे मिटून विचारा की फाल्कन आठवला की काय दिसतं. गोल चपटं अंग, पुढे दोन सुळके, आणि उजव्या बाजूला बाहेर काढलेलं कॉकपिट. बस, एवढंच बांधायचं. गोल अंगासाठी 6 बाय 6 ची डिश, म्हणजे ब्रिकवरचे गोल उंचवटे (स्टड) मोजले तर सहा-सहा मापाचा बशीसारखा तुकडा, मिळाली तर दोन घ्या, एक वर एक उलटी खाली, मधे प्लेटचा, म्हणजे पातळ सपाट ब्रिकचा, थर. डिश नसतील तर प्लेट्सचे कोपरे कापल्यासारखा अष्टकोन करा, लांबून गोलच वाटतो. सुळक्यांना डाव्या-उजव्या दोन वेज प्लेट (तिरक्या कडेच्या प्लेट), कॉकपिटला 1 बाय 1 ची गोल ब्रिक आणि तिच्या तोंडाला शंकूसारखा तुकडा. पंचवीस-तीस तुकड्यांत यान उभं राहतं.

फक्त कॉकपिट मधोमध लावू देऊ नका, तिथेच फाल्कन मरतो. पहिल्या पिक्चरच्या वेळी या यानाचं डिझाइन आधी वेगळंच होतं, लांबुळकं, पण ते त्याच काळातल्या स्पेस: 1999 या टीव्ही मालिकेतल्या यानासारखं दिसायला लागलं म्हणून बदललं. ते जुनं मॉडेल वाया गेलं नाही, पिक्चरच्या सुरुवातीला ज्या जहाजाचा पाठलाग होतो ते तेच. आणि गंमत म्हणजे जुन्या डिझाइनचं कॉकपिट नव्या फाल्कनला आलं आणि जुन्या जहाजाला हातोड्यासारखं डोकं मिळालं. म्हणजे ज्यांनी ते यान जन्माला घातलं त्यांनीसुद्धा सगळं बदललं पण कॉकपिट ठेवलं.

आणि बजेटचं म्हणाल तर तुमची चूक नाहीये हो, बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरची कस्टम ड्युटी 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झाली आणि 2023 मध्ये 70. किमती तशाच वाढणार. म्हणून तर मला छोटी मॉडेल्स इतकी जवळची वाटतात, त्यात पैशापेक्षा नजर जास्त लागते.

प्रश्न: दादा मी नववीत आहे. स्टार वॉर्समधलं एक्स-विंग हे लढाऊ यान बनवतोय, ब्रिक आडवी करून बाजूला पंख लावले की कुठेतरी बारीक फट राहतेच, कितीही दाबलं तरी जात नाही. माझ्या ब्रिक्स खराब आहेत का? (सांगली)

नाही रे, ब्रिक्स एकदम बरोबर आहेत, ती फट गणिताची आहे. एक स्टड ते दुसरा स्टड 8 मिलिमीटर, पण ब्रिकची उंची 9.6 मिलिमीटर, म्हणजे ब्रिक रुंदीला आणि उंचीला सारखी नाहीच, म्हणून आडवी केली की 1.6 मिलिमीटरने चुकते. प्लेट असते 3.2 ची, तीन प्लेट म्हणजे एक ब्रिक. आता हे वहीत लिहून ठेव: पाच प्लेट बरोबर दोन स्टड. कारण पाच गुणिले 3.2 किती, 16, आणि दोन स्टडचेही 16. आडव्या बांधकामात सगळं याच्यावर चालतं, दोन स्टडची जागा असेल तर तिथे पाच प्लेटचा थर बसतो, फट राहत नाही.

आणि ती उरलेली 1.6 म्हणजे अर्धी प्लेट. तिच्यासाठी हेडलाइट ब्रिक शोध, 1 बाय 1 ची, तिच्या एका बाजूचा स्टड जरा आत घेतलेला असतो, तो बरोबर अर्ध्या प्लेटएवढाच आत आहे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ती ब्रिक हातात घेऊन कितीतरी वेळ नुसता बघत बसलो होतो, इतकं चोख काम आहे ते. अर्धा स्टड सरकवायचा असेल तर जंपर प्लेट, 1 बाय 2 ची पण वर एकच स्टड मधोमध, तिने 4 मिलिमीटर सरकता येतं.

पंखांचं एक सांगतो. उघडे-मिटणारे पंख छोट्या मॉडेलमध्ये करू नकोस, क्लिप सैल पडतात आणि महिन्याभरात पंख खाली लोंबायला लागतात. उघड्या पंखांचं एक मॉडेल कर आणि तेच फिक्स ठेव, आणि पंखांच्या टोकांना लांब बारीक तोफा मात्र हव्यातच, त्याशिवाय ते एक्स-विंग वाटत नाही.

प्रश्न: मी निवृत्त ड्राफ्ट्समन आहे. नातीसाठी स्टार ट्रेकमधली एंटरप्राइज करायची आहे. स्केल आधी कोणतं ठरवावं? आमच्या कामात स्केल ठरल्याशिवाय कागदाला हात लावत नसू. (एक आजोबा, पुणे)

काका, तुमच्या शिस्तीबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो की इथे उलटं करा. आधी पार्ट ठरवा, स्केल त्याच्यातून काढा. कारण कागदावर तुम्ही कुठलीही रेघ मारू शकता पण इथे गोल डिश ठरावीक मापातच मिळते, मधलं माप नाहीच.

एंटरप्राइजचा चेहरा म्हणजे ती पुढची बशी, यानाचा गोल चपटा भाग. मूळ मालिकेतल्या जहाजाची लांबी 289 मीटर मानतात आणि बशीचा व्यास 127 मीटर. आता तुमच्याकडे 4 बाय 4 ची डिश आहे समजा, म्हणजे 32 मिलिमीटर. भागाकार केला की स्केल आलं साधारण 1:4000. मग पूर्ण लांबी 72 मिलिमीटर, म्हणजे बरोबर नऊ स्टड. मागच्या दोन इंजिनांच्या नळ्या 153 मीटरच्या, त्या झाल्या 38 मिलिमीटर, आणि 1 बाय 1 च्या चार गोल ब्रिक्स एकावर एक लावल्या तर 38.4 होतात! तुम्ही स्वतः करून बघा हे गणित, मला तर हे जमलं तेव्हा कुणाला सांगू नि कुणाला नको असं झालं होतं.

अवघड आहे ते नळ्यांचे तिरके खांब. तिथे बार (बारीक दांड्या) आणि त्यांना पकडणाऱ्या क्लिप वापराव्या लागतील, आणि वजन मागे जातं म्हणून स्टँड मधे न देता जरा मागच्या बाजूला द्या. मालिकेच्या शूटिंगला वापरलेलं मूळ मॉडेल 11 फुटांपेक्षा जास्त लांब आहे, ते अमेरिकेत स्मिथसोनियनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयात ठेवलंय. त्याचे सगळ्या बाजूंचे फोटो बघून मगच सुरू करा, पोस्टरवरून नको.

प्रश्न: माझ्या मॉडेलवर मी खूप बारीक डिटेल भरतो, पण फोटोत सगळा कचराच दिसतो. पिक्चरमधली यानं तर डिटेलने भरलेली असतात ना? (नागपूर)

असतात, पण ती कशी भरली होती ते बघा. 1968 च्या 2001: अ स्पेस ओडिसीच्या मॉडेल्सवर आणि मग 1977 ला स्टार वॉर्सच्या मॉडेल्सवर कारागिरांनी बाजारात मिळणाऱ्या प्लास्टिक किटचे तुकडे चिकटवले होते, रणगाडे, विमानं, जहाजं, जे मिळेल ते. या बारीक तुकड्यांना ग्रीबल म्हणतात. पण 2001 या पिक्चरमधल्या डिस्कव्हरी यानाचं मोठं मॉडेल 54 फुटी होतं, तिथे हाताएवढा तुकडासुद्धा बारीक वाटतो. तुमचं मॉडेल 10 सेंटीमीटरचं आहे, त्यात एक स्टड म्हणजे खरं तर अख्खी खोली.

म्हणून आधी सगळीकडे टाइल (वर स्टड नसलेली प्लेट) लावून गुळगुळीत करा आणि मग दोनच जागी उघडं सोडा, बहुतेक इंजिनाजवळ आणि कडेच्या खाचेत. तिथे जाळीची 1 बाय 2 टाइल, लेगोचाच एखादा छोटा नळ, एखादी दुर्बीण. बाकी मोकळं. गुळगुळीत भाग असला तरच खडबडीत भाग दिसतो.

प्रश्न: भावाने त्याच्या लहानपणच्या ब्रिक्स दिल्या, त्यातला राखाडी आणि माझा राखाडी जुळतच नाही. काही पिवळटही पडल्यात. (न्यू जर्सी)

2004 च्या आसपास लेगोने राखाडीची छटा बदलली, जुनी जरा उबदार, नवी निळसर. ट्यूबलाइटखाली फरक कळत नाही, दिवसा खिडकीत ठेवून दोन ढीग करा आणि एका यानात एकच ढीग वापरा. पिवळटपणा उन्हाने येतो, तेव्हा शेल्फ खिडकीसमोर नको. धुवायच्या असतील तर कोमट पाणी आणि साबण, 40 डिग्रीच्या वर नाही, आणि हेअर ड्रायर तर अजिबात नाही, तुकडे वाकतात.

प्रश्न: माझ्याकडे ब्रिक्सच नाहीत, हॉस्टेलला राहतो. (छत्रपती संभाजीनगर)

कॉम्प्युटरवर बांध. जेम्स जेसिमन नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने 1995 मध्ये एलड्रॉ नावाचा प्रोग्रॅम केला, ब्रिक्स स्क्रीनवर जोडायचा. जेसिमन 1997 मध्येच वारला, पण जगभरच्या लोकांनी ते काम बंद पडू दिलं नाही, आजही त्यात नवीन पार्ट भरले जातात. ब्रिकलिंकचं स्टुडिओ हे सॉफ्टवेअरही फुकट आहे आणि वापरायला जास्त सोपं आहे, तिथून सुरू कर. एकच सावध करतो, स्क्रीनवर गुरुत्वाकर्षण नाही, एका स्टडवर लटकणारा पंख तिथे छान दिसतो आणि हातात घेतला की गळतो. म्हणून प्रत्येक जोडाला निदान दोन स्टड पकडून ठेव.

प्रश्न: मुलीला स्टार डिस्ट्रॉयर आणि फाल्कन शेजारी-शेजारी, खऱ्या मापात हवेत. जमेल का? (रत्नागिरी)

मला सगळ्यात आवडलेला प्रश्न म्हणून शेवटी ठेवला. स्टार डिस्ट्रॉयर, म्हणजे स्टार वॉर्समधलं ते त्रिकोणी युद्धयान, 1600 मीटरचा, फाल्कन जेमतेम 35 मीटरचा. फाल्कन 17 सेंटीमीटरचा केला तर त्याच मापात स्टार डिस्ट्रॉयर आठ मीटरचा होईल, घरात मावायचा नाही. उलट करा, स्टार डिस्ट्रॉयर 20 सेंटीमीटर, पंचवीस स्टड, वेज प्लेट्सच्या जोड्या लावून टोकाकडे निमुळता, मागच्या बाजूला वर तो मनोरा. स्केल 1:8000. मग एक्स-विंग दीड मिलिमीटरचं होतं, ते सोडूनच द्या. पण फाल्कन येतो 4.3 मिलिमीटर आणि ब्रिकवरच्या एका स्टडचा व्यास असतो 4.8!

म्हणजे एक स्टड हाच फाल्कन. आणि 1980 च्या पिक्चरमध्ये फाल्कन कुठे लपतो ते मुलीला विचारा, तिला माहीत असेलच, स्टार डिस्ट्रॉयरच्या मनोऱ्याच्या पाठीला चिकटून. तर मनोऱ्यात एका बाजूला स्टड असलेली 1 बाय 1 ब्रिक घाला, स्टड मागे तोंड करून, बाकी सगळ्या मनोऱ्याला टाइल लावा, आणि तो एकच उघडा ठेवा.